झाकण उचललं आणि

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझी तक्रार पोचली. मी म्हणे नुसतं 'विनंती विशेष' लिहितो आणि पुढे विशेष काही नसतंच. तर आज घरभर फिरून विशेष गोळा केलं आहे, निदान या वेळी बोलणी बसू नयेत.

घर आहे तसंच आहे. पुढच्या खोलीत तोच लांब बाक, भिंतीवर टांगलेल्या त्याच लाकडी पट्ट्या, तेलाचा तोच वास. सकाळी बाबा बाक पुसतात, मी पट्ट्या लांबीप्रमाणे लावतो, मग आम्ही दोघं दाराकडे बघत बसतो. कोपऱ्यावर नवा दवाखाना झाल्यापासून हाड मोडलेली माणसं आधी तिकडेच जातात. आपल्या वाट्याला येतात ती मुरगळलेली, लचकलेली, नाहीतर सुईला घाबरणारी. परवा सुताराचा मुलगा निखळलेला खांदा घेऊन आला. बाबांनी त्याला बाकावर बसवलं, हात हातात घेतला आणि गोष्ट सुरू केली. तुला पाठच आहे. नदीवर एक नावाडी असतो, त्याच्याकडे झाकलेली टोपली घेऊन एक उतारू येतो, टोपलीत काय आहे ते विचारायचं नाही अशी अट घालतो. नदीच्या मध्यावर टोपली हलते. नावाडी वल्हं खाली ठेवतो, हात पुढे करतो, झाकण उचलतो आणि. तेवढ्यात कट्‌कन आवाज झाला, पोरगा बोंबलला, खांदा बसला, गोष्ट संपली. सुतार हसत म्हणाला की मीही लहानपणी याच बाकावर झाकणापर्यंतच ऐकली होती, आता तरी सांगा आत काय होतं. बाबा म्हणाले की पुन्हा काहीतरी मोडून ये, मग बघू.

विनोदी बातमी म्हणशील तर बाबा परवा बाजारातून एकाच चपलेनिशी घरी आले. दुसरी कुठे निसटली ते त्यांना ठाऊकच नाही. आणि काल चहाचा पेला इतका गरम होता की बोटांना फोड आले, तरी गृहस्थ पेला धरून माझ्याशी पट्ट्यांबद्दल बोलताहेत. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं म्हणून मी चिडवलं. रागावले नाहीत, हे जरा नवलच.

तू एक्स-रे शिकायची जी जागा माझ्यासाठी मिळवलीस, तिचं होय-नाही मार्चअखेर कळवायचं आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू विचारलंस की मला जावंसं वाटतं का. खरं सांगू? काही वाटत नाही. इथे राहावंसंही वाटत नाही. दात काढायच्या आधी सुई देतात तेव्हा गाल असतो आणि नसतोही, तसं बरेच दिवस चाललं आहे. दुखत मात्र नाही, काळजी करू नकोस.

लोभ आहेच, वाढायला जागा उरली असेल तर वाढव.
तुझा,
बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि हे पत्र बाबांसमोर वाचू नकोस ही ताकीद.

चपलेचं आणि फोडांचं तू हसत लिहिलंस. मला हसू आलं नाही. पायातली चप्पल निसटते आणि कळत नाही, बोट भाजतं आणि कळत नाही, याला बालपण म्हणत नाहीत. इथे अशी माणसं रोज येतात. बहुतेकांना साखर निघते. आधी पायांची जाण जाते, मग बोटांची. तू असं कर, बाबांना डोळे मिटायला सांग, कापसाचा बोळा बोटांच्या टोकांना लाव आणि लागतंय का विचार. मग त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ने. ते त्या पायरीवर पाय ठेवणार नाहीत हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

बारक्या, बाबांचं सगळं त्या दहा बोटांत आहे. ती बोटं बघतात म्हणून बाबा बघतात. तीच गेली तर उद्या कुणाचा तरी हात आयुष्यभर वाकडा राहील, आणि तो बाबांनी केलेला असेल. ही गंमत नाही.

माझं ठीक. खोलीला खिडकी नाही, अंगावर जड अ‍ॅप्रन, काचेपलीकडे माणूस आणि अलीकडे मी. दिवसभर इतकी मोडलेली हाडं बघते की संध्याकाळी भाजी घेताना नजर आधी भाजीवालीच्या मनगटाकडे जाते. कुठे काय मोडलंय ते मला लगेच दिसतं. दुखत असेल, हे मात्र मुद्दाम आठवावं लागतं. तू लिहिलंस तो सुन्न गाल माझ्याकडेही आहे, मी फक्त त्याचा पगार घेते.

तुला आठवत नसेल, शेजारच्या काकूंचा घोटा सरकला होता तेव्हा कुठे सरकलाय ते बाबांच्या आधी मी चाचपून सांगितलं होतं. त्या दिवशी बाबांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढे मोठी झाल्यावर मी बाकावर बसायचं म्हटलं तर म्हणाले, आपल्याकडे हात मुलाकडे जातो, आबांनी मला दिला, मी बारक्याला देणार. तू तेव्हा गल्लीत दगड भिरकावत फिरत होतास. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. तुझा राग नाही हो. बाबांचा आहे, आणि तो मी जपून ठेवला आहे.

कापसाचं विसरू नकोस.
आहे त्याच मायेने,
ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि या वेळी खरंच विशेष आहे.

कापसाचा प्रयोग केला. ताईने एक खेळ सांगितलाय म्हटलं, तर कुरकुरत का होईना बाकावर बसले आणि डोळे मिटले. मी बोळा अजून डब्यातून काढलाही नव्हता, तोच म्हणाले, हो, लागतंय. मग खरंच लावला, एकेका बोटाला, दोन्ही हातांच्या. तेव्हा गप्प. थोड्या वेळाने विचारलं की अजून सुरू करायचंय का. मी म्हणालो, झालं की, सगळं ठीक आहे. त्यांनी डोळे उघडले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि दाराकडे बघत बसले.

मला वाटतं त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे हेही त्यांना माहीत असावं. दुपारी दोघं नीट जेवलो.

दवाखान्याचं काढलं, तर म्हणाले की जी बाई माझी माणसं पळवते तिच्या दारात मी हात पुढे करून बसू का. आणि एक गोष्ट आता उलगडली. गेले काही महिने कुणी आलं की ते मला म्हणतात, तू खालून आधार दे. माझा पंजा खाली, मध्ये दुखरा हात, वर त्यांचा. मी समजत होतो की मला शिकवताहेत.

वाईट वाटायला हवं, म्हणून थोडा वेळ थांबून पाहिलं. मग खोली झाडून घेतली. जागेचं आता कसं सांगू ते तूच सांग. ज्याची बोटं चालली आहेत त्याला मुलगाही चाललाय म्हणायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. न जाणं सोपं आहे, त्यासाठी काहीच करावं लागत नाही.

लोभाचं तुझ्यावर सोपवतो.
बारक्या

२४ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. अक्षर वाकडं दिसलं तर तो पेनाचा दोष समजावा, हल्ली पेनं हातात ठरत नाहीत. तू धाकट्याकरवी कापसाचे खेळ पाठवतेस. मी तुझा बाप आहे, तुझ्या दवाखान्यात नंबर लावून बसलेला पेशंट नव्हे, एवढं लक्षात असू द्यावं.

बारक्याचा हात चांगला तयार होतो आहे. तोंडाला मात्र कुलूप. जेवायला आम्ही तिघं असतो, मी, तो आणि भिंतीवरचं घड्याळ, त्यात बोलतं ते घड्याळ. पूर्वी तू असताना एक शब्द बोलायला जागा मिळत नसे. त्याचं वय असं आहे की काही मागावं, हट्ट करावा, दार आपटावं. हा नुसता पट्ट्या लावतो. काही मनात असेल तर तुला लिहीत असेल. मला सांगावं असा आग्रह नाही.

आपले टेलरकाका गेल्या आठवड्यात दुकानात शिडीवरून पडले. वरच्या फळीवरचा तागा काढायला गेले आणि ताग्यासकट खाली आले. उजवं मनगट. नुसतं मुरगळलं होतं. बसवून पट्ट्या बांधल्या आहेत. सूज उतरायला वेळ लागतो आहे, पण वयही झालं आता. त्यांनी तुझी आठवण काढली. तुझा शाळेचा झगा दरवर्षी लांब शिवायचे, पोर वाढेल म्हणून, आणि तू तो वर खोचून जायचीस.

सहज विचारतो. तुमच्या त्या यंत्रात मोडलेलं हाड दिसतंच का? की यंत्रही कधी चुकतं? उत्तराची घाई नाही.

माया आहे. ती कागदावर लिहायची आपल्यात पद्धत नाही.
बाबा

२८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

बाबांचं पत्र आलं. मी घर सोडून नऊ वर्षं झाली, त्यात माझ्या कामाबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. एक्स-रे म्हणजे सावली बघून माणूस ओळखणं, असं म्हणणारा माणूस आज विचारतोय की यंत्रात हाड दिसतंच का. मला आनंद व्हायला हवा होता. मी जेवण टाकून हे लिहायला बसले.

टेलरकाकांचं मनगट कसं आहे? बोटं हलतात का, गार तर नाहीत ना, मनगटाचा आकार बाजूने कसा दिसतो? तू तिथे होतास. तुझा पंजा खाली होता. काय लागलं हाताला, ते लिही. चांगलं-वाईट मागाहून ठरवू. लगेच लिही.

ताई

५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू विचारलंस ते लिहितो.

काका आले तेव्हा हात छातीशी धरून आले. बाबांनी बाकावर बसवलं, मला खालून आधार द्यायला लावला आणि गोष्ट सुरू केली. नावाडी आला, उतारू आला, अट झाली, टोपली हलली. बाबांची बोटं काकांच्या मनगटावरून फिरत होती. माझ्या पंज्याला हाडाची पायरी लागत होती, ताई. जिना चढताना अंधारात पायाला लागते तशी स्पष्ट. मुरगळलेलं नव्हतं, मोडून मागे सरकलं होतं. बाबा झाकणापर्यंत आले. नावाड्याने झाकण उचललं आणि.

आणि बाबा थांबले नाहीत. म्हणाले, आत आणखी एक टोपली होती. बोटं फिरतच होती. मग म्हणाले, त्या टोपलीलाही झाकण होतं. नावाड्याने तेही उचललं, तर आत आणखी एक. मी जन्मात न ऐकलेली वाक्यं ऐकत होतो. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि आवाज अगदी रोजचा. कितव्या तरी टोपलीपाशी त्यांनी मनगट जरा ओढलं, काका ओरडले, बाबा म्हणाले बसलं, आणि पट्ट्या मागितल्या. मी लांबी बघून दिल्या. पायरी माझ्या पंज्याखाली तशीच होती.

मी बोललो का नाही, असं तू विचारशील. गोष्ट चालू असताना बाकाजवळ दुसऱ्याने बोलायचं नाही, हे तुलाही माहीत आहे. बसवणाऱ्याचं लक्ष ढळतं. लहानपणी शिंक आली तरी आपण बाहेर पळायचो. मी वाट बघत होतो गोष्ट थांबायची. गोष्ट थांबली तेव्हा पट्ट्या बांधून झाल्या होत्या.

पुढचं ऐक. काकांना या सगळ्यात एकच आनंद, की साऱ्या गावात झाकणाच्या पुढची गोष्ट फक्त त्यांनी ऐकली आहे. दुकानाच्या पायरीवर बसून येईल त्याला सांगतात की टोपलीत टोपली होती. पहिल्या दिवशी लोक हसले. मग सुताराने विचारलं म्हणे, की पण मग हाड कधी बसलं? सगळ्या गावाला ठाऊक आहे की हाड बसतं म्हणून गोष्ट थांबते. त्या दिवसापासून आपल्याकडे कुणी आलेलं नाही. कुणी काही म्हणतही नाही. बाबांना रस्त्यात नमस्कार पहिल्यापेक्षा जास्त मिळतात. ते रोज बाक पुसतात.

काकांची बोटं हलतात, पण कात्री धरता येत नाही. मनगट बाजूने चमच्यासारखं दिसतं. तू सांगशील तसं करतो.

बारक्या

१७ मार्च

तीर्थरूप बाबांस,
थोरलीचा शिरसाष्टांग नमस्कार.

टेलरकाकांना बारक्या इथे घेऊन आला, हे तुम्हाला माहीत आहे. त्याने सांगितलं की कुठे निघालास असं तुम्ही विचारलं नाहीत, पण काकांच्या गळ्यात हाताची झोळी तुम्हीच अडकवून दिलीत आणि बसमध्ये खिडकीची बाजू उजवीकडची घ्या म्हणालात, म्हणजे उजव्या हाताला धक्का लागणार नाही.

तुम्ही विचारलं होतंत, यंत्र चुकतं का. कधी चुकतं. या वेळी चुकलेलं नाही. हाड मोडून मागे सरकलं होतं आणि तसंच जुळायला लागलं होतं. इथल्या डॉक्टरांनी काकांना भूल देऊन ते पुन्हा सरळ केलं आणि आत धातूची पट्टी बसवली. कात्री चालेल म्हणतात. सुईत दोरा ओवता येईल की नाही ते सांगता येत नाही. आणखी उशीर झाला असता तर कात्रीही गेली असती.

मी तुमच्यावर रागावले आहे. आजचं नाही ते, जुनं आहे, आणि ते घेऊनच मी त्या दिवशी कामावर गेले होते. मग काका समोर आले आणि त्यांच्या मनगटावर तुमची गाठ दिसली. दुहेरी, आतून फिरवलेली, टोक खाली दाबलेलं. नर्स कात्री घेऊन कापायला आली. मी तिला कापू दिलं नाही. बसून नखांनी सोडवली. तिला वाटलं मला पट्टी वाचवायची आहे. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या, किती महिन्यांनी कोण जाणे.

काकांच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. भूल उतरताना त्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? शेवटच्या टोपलीत काय होतं ते बाबांना विचारून ठेव, म्हणाले.

दोन मागण्या आहेत. साखर तपासून घ्या, त्या बाईंच्या पायरीवर चढून. आणि बारक्याला तुम्हाला काही सांगायचं आहे. तो आपण होऊन सांगणार नाही. तुम्ही विचारा.

मायेची पद्धत नसली तरी ती पोचते, एवढं असू द्या.
थोरली

२ एप्रिल

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून बारक्याला विचारलं. जेवताना विचारलं, घड्याळासमोरच. त्याने जागेचं सांगितलं. मी विचारलं, जायचंय का. म्हणाला, माहीत नाही. मी म्हणालो, मग जा, माहीत नसेल तर जाऊन बघावं. घरी बसून माहीत होत नाही, हे मी तुझ्याकडे बघून शिकलो आहे. होकार मार्च संपायच्या आत कळवला आणि आज सकाळच्या बसने निघाला. निघताना त्याने दार आपटलं. वाऱ्याने असेल, पण मला बरं वाटलं. संध्याकाळी तुझ्या दाराशी येईल. त्याला भूक लागलेली कळत नाही, वाढून बसवावं लागतं.

दवाखान्यात जाऊन आलो. साखर निघाली, तू म्हणालीस तशी. बाई तरुण आहे, नीट बोलते. बसायला बाक नाही, खुर्च्या आहेत. म्हणाली, गोळ्या घेतल्या तर पुढचं वाचेल, गेलेलं परत यायचं नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे गोष्ट सांगत नाहीत का? हसली. तिने माझा हात हातात घेऊन बराच वेळ बघितला. मला अर्थात काही कळलं नाही.

तिथून टेलरकाकांकडे गेलो. उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने खडूच्या रेघा मारत होते. रेघा वाकड्या येत होत्या. मी समोर बसलो आणि जे म्हणायचं ते म्हणालो. ते म्हणाले, ते राहू द्या हो, शेवटच्या टोपलीत काय होतं ते सांगा.

त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगतो. शेवटची टोपली नाही. आबांनी मला गोष्ट झाकणापर्यंतच दिली. त्यांनाही त्यांच्या वडिलांकडून तेवढीच मिळाली. पुढे काय ते आमच्यात कुणालाच माहीत नाही, कारण पुढची गरज कधी कुणाला पडली नाही. त्या दिवशी बोटांना काही सापडेना. थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून बोलत राहिलो. टोपलीत टोपली, तिच्यात टोपली. घाबरलो होतो, थोरले. काकांनी डाव्या हाताने आणखी एक रेघ ओढली. मग म्हणाले, तरी चांगली जमली होती.

बाक रोज पुसतो. लोक आले नाहीत तरी धूळ येते. तुला सुट्टी मिळाली तर ये. आल्या माणसाला आधी फोटो काढून आणायला सांगू, बाईंशी तसं बोलून ठेवलं आहे. जे मोठं असेल ते त्यांच्याकडे जाईल. जे हाताने बसण्यासारखं असेल ते आपल्याकडे. हात तुझा, गोष्ट माझी. ती कुठे थांबवायची ते तुझ्या हाताने ठरव.

आपल्याकडे हात मुलाकडे जातो, असं मी तुला म्हणालो होतो. आबा तसं म्हणायचे, म्हणून मी म्हणालो. त्याच्या पुढचं मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

येणार नसलीस तरी राग नाही. पत्राचं उत्तर मात्र ठेवू नये.
बाबा

९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न.

बारक्या पोचला. दोन वेळा वाढून बसवलं, तिसऱ्या वेळी आपण होऊन मागितलं. खोली लहान आहे म्हणून तक्रार करतो आहे. घरी त्याने कधी कशाची तक्रार केली नव्हती, तेव्हा हे चांगलंच लक्षण समजा.

तुमचं पत्र त्याच्यादेखत वाचलं. हात तुझा, या दोन शब्दांसाठी मी नऊ वर्षं थांबले होते. वाटलं होतं, कधी ऐकले तर रडेन, नाहीतर भांडेन. बाबा, मला काहीच झालं नाही. पुन्हा वाचलं. मग घडी घालून ठेवलं आणि कामावर गेले. माझ्या बोटांनी इतकी वर्षं बटणंच दाबली आहेत. त्यांना काही आठवत असेल का, हे मला खरंच माहीत नाही. त्यामुळे मोठी आशा बाळगू नका. मे महिन्यात सुट्टी मिळते आहे. येईन. आधी नुसती बसेन.

त्याच दिवशी दुपारी एक लहान मुलगी आली, कोपर सुजलेलं, रडून लाल झालेली. फोटो काढायचा तर हात हलून चालत नाही, जरा हलला तरी हाड पुसट येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मोठ्या माणसांना सांगितलं की ती श्वास धरतात. लहान मुलं धरत नाहीत. मी तिचा हात फळीवर ठेवला, काचेमागे गेले आणि बोलायला लागले. आणि बोलता बोलता माझा आवाज मलाच ऐकू आला.

नदीवर एक नावाडी होता.

मी हे तुम्हाला कधी लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात एक पोरगं काही केल्या स्थिर राहीना, तेव्हा तोंडातून आली, आणि तेव्हापासून रोज सांगते. तुमच्यावर रागावून घर सोडलं, आणि येताना तेवढी उचलून आणली. नावाडी, उतारू, अट, मग टोपली हलते. तिथे मुलं हलायची थांबतात. नावाडी हात पुढे करतो, झाकण उचलतो आणि. तिथे मी बटण दाबते.

मग सगळी विचारतात की आत काय होतं. त्या मुलीनेही विचारलं. मला माहीत नाही असं मी आजवर प्रत्येकाला सांगत आले, आणि मनात म्हणायचे, माझ्या बाबांना माहीत आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तसं म्हणता आलं नाही. तिला म्हटलं, कुणालाच माहीत नाही गं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, मग तुम्ही झाकण पुन्हा लावून ठेवता का?

गोळ्या वेळेवर घ्या. बाक पुसताना जपा, कडेच्या खिळ्यांतली एक चूक वर निघाली आहे, बारक्याने सांगितलं. ती लागली तर तुम्हाला कळायची नाही.

मे महिन्यात येते.
तुमची थोरली